द्विशिक्षकी शाळेतून पालकांपर्यंत : नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी

वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत रुजू होणाऱ्या शिक्षकाला पहिल्या पंधरवड्यात वर्गाध्यापन, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन भरायची माहिती आणि केंद्रशाळेचे निरोप यांतून उसंत मिळत नाही. पालकांना कळवण्याचे काम त्यामुळे मागे पडते आणि एखादा अडचणीचा प्रसंग ओढवल्यावरच आठवते. वास्तविक हे काम ऐच्छिक नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व शिकण्यातील प्रगती त्यांना सांगणे हे वर्ग वेळेवर घेण्याइतकेच स्पष्टपणे नोंदलेले आहे.

पुढील सूचना पहिली ते चौथीच्या, तीस-चाळीस पटाच्या जिल्हा परिषद शाळेला अनुसरून लिहिल्या आहेत. त्या सर्वांमागे एकच सूत्र आहे. जी गोष्ट सर्व घरांची आहे ती सर्वांना एकाच वेळी आणि एकाच शब्दांत कळावी. जी एका घराची आहे ती त्या घरालाच, शक्यतो समोरासमोर कळावी. शाळा आणि गाव यांच्यात कुरबुर होते ती बहुधा या दोहोंची अदलाबदल झाल्यामुळे : शाळा लवकर सुटणार असल्याचे दोन-तीन घरांनाच कळते, आणि एका मुलाला अजून वाचता येत नाही हे मात्र साऱ्या वस्तीला.

पहिली पायरी : पालक संपर्क वही

दाखल-खारीज रजिस्टरात वडिलांचे नाव असते; पण मुलाला आवरून शाळेत धाडणारी व्यक्ती अनेक घरांत आजी, चुलती किंवा मोठी बहीण असते. म्हणून शाळेच्या रजिस्टरांखेरीज एक साधी शंभरपानी वही करावी आणि प्रत्येक मुलासाठी एक पान राखावे. त्या पानावर मुलाची रोजची काळजी कोण घेते, फोन दिवसभर कोणाच्या हातात असतो, तो साधा आहे की स्मार्टफोन, घरात मराठी वाचता येणारे कोण आहे, घरातली माणसे कामावरून किती वाजता परततात, आणि तातडीच्या वेळी निरोप देता येईल असे शेजारचे घर कोणते, एवढे लिहावे. मुलाला फिट येत असल्यास, दमा असल्यास किंवा एखादा पदार्थ सोसत नसल्यास त्याची नोंद पानाच्या वरच्या कोपऱ्यात, सहज दिसेल अशी असावी. वडिलांचा फोन शेतावर किंवा एमआयडीसीतल्या पाळीवर गेलेला असतो आणि रिचार्ज संपल्यामुळे तो अधूनमधून बंदही असतो, तेव्हा एकाच क्रमांकावर विसंबून राहू नये.

घरातली भाषाही लिहून ठेवावी. मेळघाटात कोरकू, नंदुरबारच्या डोंगराळ पट्ट्यात पावरी आणि भिली, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, तांड्यावर गोरमाटी, आणि मोठ्या गावांच्या कडेला हिंदी बोलणारी घरे असतात. तिथल्या आजींना पुस्तकी मराठीतली सूचना वाचून दाखवली तरी ती पोचलेली नसते. अशा वेळी अंगणवाडी सेविका किंवा आशाताई दुभाषाचे काम उत्तम करतात. चौथीतल्या मुलाला मध्ये घालण्याचा मोह होतो, आणि सहलीच्या निरोपासाठी तसे करण्यास हरकत नाही. परंतु एखाद्या मुलाची तक्रार किंवा आजार दुसऱ्या मुलाच्या तोंडून त्याच्या आईला सांगणे टाळावे.

वही भरत असतानाच आणखी एक काम उरकून घ्यावे. पहिलीत प्रवेश घेतलेल्या मुलाचे नाव, आईवडिलांचे नाव, आडनाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ रजिस्टरात जसे लिहिले आहे तसे पालकांना मोठ्याने वाचून दाखवावे आणि आधार कार्डाशी ताडून पाहावे. शाळा सोडल्याचा दाखला पुढे याच नोंदीवरून निघतो, आणि वेलांटीची एक चूकही वरच्या वर्गात गेल्यावर दुरुस्त करून घेताना पालकांना किती खेटे पडतात हे तालुक्याच्या गावी कोणीही सांगेल.

दुसरी पायरी : वर्षाचे एक पान

जूनच्या मध्यास शाळा उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्या थोड्या उशिरा उघडतात. पहिल्याच आठवड्यात संपूर्ण वर्षाची माहिती एका कागदावर तयार करावी. त्यात शाळेची रोजची वेळ आणि शनिवारची सकाळची वेळ, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी, दोन्ही सत्रांची संकलित मूल्यमापने (सत्राअखेरच्या परीक्षा), पालकसभांचे महिने, आरोग्य तपासणी, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीची ध्वजवंदने, ३ जानेवारीचा बालिका दिन आणि १ मेचा निकाल एवढे पुरे होते. गावच्या जत्रेची स्थानिक सुट्टी त्यात आवर्जून घालावी, कारण पालक ती पहिल्यांदा शोधतात. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. ते या कागदाच्या शेवटी लिहिले, तर शाळेच्या दिवशी मुलाला लग्नाला नेण्यापूर्वी निदान विचार तरी होतो. जी तारीख पक्की नाही तिथे फक्त महिना लिहावा. छापलेली तारीख दोनदा बदलली की कागदावरचा विश्वास उडतो.

हा कागद कुठे लावायचा, हे गाव पाहून ठरवावे. शाळेची भिंत आणि ग्रामपंचायतीचा फलक ही दोन ठिकाणे सर्वांनाच सुचतात, पण शाळेच्या आवारात न येणारा पालक तिथे तो वाचत नाही. दूध संकलन केंद्र, पिठाची गिरणी, किराणा दुकान आणि अंगणवाडी या जागी लोक थांबतात, आणि थांबलेला माणूस समोर लावलेला कागद वाचतोच.

तिसरी पायरी : सूचना लिहिणे

शासकीय पत्रव्यवहाराची भाषा रुजू झाल्याबरोबर अंगवळणी पडते आणि मग पालकांसाठीच्या सूचनाही त्याच साच्यातून निघू लागतात. ‘सर्व पालकांस कळविण्यात येते की, वरिष्ठ कार्यालयाच्या आदेशान्वये शालेय स्तरावर जंतनाशक मोहीम राबविण्यात येणार असून संबंधितांनी नोंद घ्यावी’ या वाक्यात पालकाने काय करायचे, याचा पत्ताच लागत नाही. तीच सूचना अशी लिहिता येईल :

‘येत्या मंगळवारी दुपारी शाळेतल्या जेवणानंतर सर्व मुलांना पोटातल्या जंतांची गोळी दिली जाईल. ही गोळी चावून खायची असते. ज्या मुलाला बरे नाही किंवा ज्याचे दुसरे औषध चालू आहे, त्याच्या घरच्यांनी सोमवारपर्यंत शाळेत सांगावे. गोळीनंतर काही मुलांना थोडी मळमळ होते किंवा पोट दुखते; ते सहसा थोड्या वेळात थांबते. न थांबल्यास लगेच शाळेत किंवा आशाताईंना कळवावे. मंगळवारी न आलेल्या मुलांना गोळी नंतर देण्यात येईल.’

दिवस, वेळ, काय होणार, पालकांनी काय करायचे आणि अडचण आल्यास कोणाला विचारायचे, हे सर्व तिच्यात आले आहे आणि आदेश कोणाचा हे वगळले आहे. जंतनाशक गोळ्या साधारणपणे फेब्रुवारी आणि ऑगस्ट अशा वर्षातून दोन वेळा दिल्या जातात, त्यामुळे ही सूचना जपून ठेवली तर पुन्हा उपयोगी पडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची वार्षिक तपासणी असेल तेव्हाही पालकांना आधी कळवावे. मुलाला ऐकू कमी येते किंवा फळ्यावरचे दिसत नाही अशी शंका घरी असल्यास ती पथकापुढे मांडण्याची संधी त्यांना मिळते.

व्हॉट्सॲप ग्रुप बहुतेक शाळांत असतोच. तो उपयुक्त आहे, पण त्याची शिस्त पहिल्या दिवशी लावली नाही तर पुढे लागत नाही. ग्रुपची सेटिंग बदलून फक्त अ‍ॅडमिननाच संदेश पाठवता येतील असे करावे. यामुळे काही पालक नाराज होतात. तरीही सुप्रभात, निवडणूक आणि कोणाच्या तरी दुकानाची जाहिरात यांच्या गर्दीत शाळेची सूचना हरवण्यापेक्षा ती नाराजी परवडते. पालकांना उत्तर द्यायचे असल्यास त्यांनी शिक्षकाच्या क्रमांकावर स्वतंत्र लिहावे किंवा फोन करावा. ब्रॉडकास्ट यादी वापरायची झाल्यास, ज्या पालकांनी शिक्षकाचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो संदेश जातो, हे ध्यानात ठेवावे. वाचता न येणाऱ्या घरांसाठी लेखी सूचनेबरोबर तिचेच शब्द मिनिटभराच्या आत ध्वनिमुद्रित करून पाठवावेत. शिक्षकाचा ओळखीचा आवाज आजी-आजोबा पुन्हा पुन्हा लावून ऐकतात. संदेशाची वेळ शक्यतो संध्याकाळी सात ते आठ ठेवावी, आणि आठवड्यात दोनपेक्षा अधिक सूचना पाठवण्याची पाळी येऊ नये असे नियोजन असावे. वेळ बदलली तर ‘वरील सूचनेत बदल’ एवढेच न लिहिता पूर्ण सूचना नव्याने द्यावी, कारण वरची सूचना कोणी शोधत बसत नाही.

ग्रुपमध्ये नसलेली घरे वहीत खुणेने दाखवावीत. अशा घरांतल्या मुलांच्या वहीत सूचना लिहून द्यावी, दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी सही किंवा अंगठा पाहावा, आणि तो नसेल तर शेजारच्या घरी निरोप ठेवावा.

चौथी पायरी : गृहभेट

मोठ्या शाळांना जे जमत नाही ते लहान शाळेला जमते. तीस-पस्तीस मुलांची घरे दोन शिक्षकांनी वाटून घेतली आणि आठवड्याला दोन भेटी ठरवल्या, तर दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येक घर एकदा पाहून होते. या एका भेटीतून जे साधते ते वर्षभराच्या संदेशांतून साधत नाही, असे माझे मत आहे, आणि म्हणून वेळ अपुरा पडल्यास इतर सर्व काही कमी करून ही भेट राखावी.

पहिली भेट तक्रारीसाठी कधीही असू नये. शिक्षक घरी आले म्हणजे मुलाने काहीतरी केले, असा समज सर्वत्र असतो आणि मूल दाराआड लपते. तेव्हा बसल्याबरोबर मुलाची एखादी खरी, नेमकी आणि चांगली गोष्ट सांगावी. ‘हुशार आहे’ यासारखे मोघम वाक्य कोणाच्याच उपयोगाचे नसते. ‘ताई, तुमची मुलगी बाजारातल्या पैशांची बेरीज तोंडी करते, कागदावर मांडताना मात्र अडखळते’ असे म्हटले तर आईलाही काहीतरी सांगावेसे वाटते. नंतर विचारावे : मूल घरी शाळेबद्दल काय बोलते, केव्हा झोपते, कोणाला घाबरते, कोणाबरोबर खेळते. या वेळी शिक्षकाने कमी बोलावे. वही उघडून लिहीत बसू नये. नोंद शाळेत परतल्यावर करावी.

वेळ आधी विचारून घ्यावी. कापूस वेचणीच्या किंवा भात लावणीच्या दिवसांत दुपारी घरी कोणी नसते, आणि दिवेलागणीच्या वेळी चूल पेटलेली असते. चहा घ्यावा, तो नाकारला की घर आपल्याला परके मानते. मात्र एका घरी जेवणे आणि दुसऱ्या घरी पाणीही न घेणे, ही गोष्ट वस्तीत त्याच दिवशी पसरते. जात, भावकी आणि ग्रामपंचायतीचे राजकारण यांच्या रेषा नव्या शिक्षकाला दिसत नाहीत, म्हणून भेटींचा क्रम हजेरीपटाप्रमाणे ठेवणे सर्वांत सुरक्षित. शिक्षिकेने एकटीने लांबच्या वस्तीवर जायचे असल्यास सोबत अंगणवाडी सेविकेला घ्यावे.

पाचवी पायरी : सभा आणि समिती

पालकसभा सरकारी वेळेत, म्हणजे सकाळी अकराला घेतली तर रोजंदारी बुडवून कोणी येत नाही आणि मग ‘पालक उदासीन आहेत’ असा शेरा इतिवृत्तात जातो. सभेची वेळ पालकांना विचारूनच ठरवावी. ध्वजवंदनाला गाव आपणहून शाळेत येते. त्यानंतरची वीस मिनिटे सभेसाठी राखली तर उपस्थिती चांगली असते. सभेत कोणत्याही मुलाचे नाव घेऊन त्याची उणीव सांगू नये. त्या महिन्यात मुले काय शिकणार आहेत, ते फळ्यावर एक-दोन उदाहरणांनी दाखवावे, आणि घरी करता येण्याजोगी एकच गोष्ट सुचवावी. पाच सुचवल्या तर एकही होत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीचे काम वेगळे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात. व्यवहारात महिला सदस्यांच्या सह्या घरी वही पाठवून घेतल्या जाताना दिसतात. नव्या शिक्षकाने ही पद्धत मुकाट्याने पुढे चालवू नये. बैठकीची वेळ महिलांच्या सोयीची करून घेण्याचा आग्रह मुख्याध्यापकांकडे धरावा. आलेले अनुदान, झालेला खर्च आणि घेतलेले निर्णय साध्या भाषेत एका पानावर लिहून फलकावर लावावेत. पैशाबद्दल आपणहून सांगितले की कुजबूज कमी होते.

पोषण आहाराबद्दलही तसेच करावे. आठवड्याची पाककृती फलकावर लिहावी. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य आणि जेवणातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. ते पालकांना ठाऊक असावे. जेवण वाढण्याआधी चव घेऊन नोंद करायची असते, त्यासाठी दर आठवड्याला एका आईला बोलवावे. खिचडीत मीठ जास्त आहे हे ती तिथल्या तिथे स्वयंपाक करणाऱ्या ताईंना सांगते आणि विषय संपतो.

सहावी पायरी : प्रगतिपत्रक समजावणे

महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या, मूल्यमापनाचा भार ७० टक्के आणि संकलिताचा ३० टक्के, तर तिसरी-चौथीला तो अनुक्रमे ६० आणि ४० टक्के धरला गेला. पालक मात्र अजूनही ‘कितवा नंबर आला’ असेच विचारतात, आणि त्यांचे चुकत नाही, कारण त्यांना त्यांच्या काळी तेच सांगितले गेले होते. ब-२ ही श्रेणी ६१ ते ७० टक्क्यांची असते, असे सांगून थांबू नये. मुलाची वही उघडून जूनमधले पान आणि आत्ताचे पान शेजारी ठेवून दाखवावे. मूल कोणता मजकूर वाचू शकते ते पालकांसमोर त्याच्याकडून वाचून घ्यावे, मात्र त्याला जे निश्चित जमते तेच निवडावे. जे जमत नाही ते मूल बाहेर खेळायला गेल्यावर सांगावे.

वर्णनात्मक नोंदी लिहिताना ‘नियमित अभ्यास करावा’ हे वाक्य चाळीस पत्रकांवर उतरवण्यापेक्षा एका ओळीत त्या मुलाचे काहीतरी लिहावे. वेळ अधिक लागतो, हे खरे.

अडचणीचे निरोप

मूल पडले, भांडण झाले किंवा ताप आला, तर मूल घरी पोचण्याआधी शिक्षकाचा फोन पोचला पाहिजे. पहिले वाक्य मुलाच्या सध्याच्या स्थितीचे असावे : ‘ताई, मी शाळेतून बोलतोय. तुमचा मुलगा शुद्धीवर आहे, माझ्याशेजारी बसला आहे. खेळताना कपाळाला खोक पडली आहे, आरोग्य केंद्रात घेऊन निघालो आहोत, तुम्ही तिथेच या.’ घटना कशी घडली हे नंतर सांगावे, आणि जे आपण पाहिले नाही ते पाहिल्यासारखे सांगू नये. दुसऱ्या मुलाचे नाव फोनवर घेऊ नये; संध्याकाळी दोन घरांत वाद पेटतो.

सलग तीन दिवस मूल आले नाही तर चौथ्या दिवसाची वाट न पाहता विचारपूस करावी. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका आल्यास मात्र प्रसंग निराळा होतो. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे बंधनकारक केले आहे आणि मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. ग्रुपवर, सभेत किंवा शिक्षकांच्या गप्पांतही तो विषय येता कामा नये. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे. तो शाळेच्या फलकावर कायम लिहिलेला असावा.

छायाचित्रांबाबत वर्षारंभी लेखी संमती घ्यावी. संमती असली तरी मुलाचे पूर्ण नाव, आधार क्रमांक किंवा शिष्यवृत्तीसाठी दिलेली जातीची नोंद असलेली यादी ग्रुपवर टाकू नये. अशा याद्या घाईघाईत फोटो काढून पाठवल्या जातात आणि मग परत घेता येत नाहीत.

हंगामी स्थलांतर

बीड, अहिल्यानगर, जालना यांसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी घरे साधारणपणे एप्रिलपर्यंत परतत नाहीत. टोळी निघण्याआधी सप्टेंबरातच या घरांशी बोलावे. मूल आजीजवळ राहू शकते का, गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार आहे का, आणि सोबत न्यायचेच ठरले तर कोणत्या कारखान्याच्या तळावर, हे विचारून वहीत लिहावे. पालकांना दोन गोष्टी ठामपणे सांगाव्यात : दाखला हाती नाही म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे, आणि परत आल्यावर या शाळेचे दार मुलाला उघडे आहे. शिक्षण हमी पत्रक, म्हणजे स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत शिक्षण चालू ठेवता यावे यासाठीचे पत्रक, भरून, त्यावर मुलाला काय येते ते लिहून, पालकांच्या हाती द्यावे. नंतर दर पंधरवड्याला मुकादमाच्या किंवा आईच्या फोनवर मुलाशी बोलावे. तळावर फोन रात्री आठनंतर लागतो.

बदली होते तेव्हा

बदलीचा आदेश आला की रजिस्टरांचा पदभार यादीनिशी दिला जातो, संपर्क वही मात्र त्या यादीत नसते. ती मुख्याध्यापकांच्या सहीने पदभार यादीत घालावी. देण्यापूर्वी ज्या नोंदी आपल्यालाच विश्वासाने सांगितल्या गेल्या होत्या, जसे घरातले व्यसन किंवा नवराबायकोतला तंटा, त्यांपैकी मुलाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक तेवढ्या नव्या शिक्षकाला तोंडी सांगाव्यात आणि बाकीच्या अशा नोंदींची पाने काढून फाडून टाकावीत. व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या शिक्षकाला अ‍ॅडमिन करून, त्यांचा क्रमांक सर्व घरांना कळवून, नंतरच स्वतः बाहेर पडावे.